ऋण दाब आणि रेंगाळणारी जखम : एका उपचारपद्धतीचा आढावा

जखम भरून येणे ही शरीराची स्वाभाविक क्रिया असली, तरी ती एका दमात घडत नाही. रक्त गोठून स्राव थांबतो, मग दाह सुरू होऊन पांढऱ्या पेशी मृत ऊती आणि जंतू खाऊन टाकतात, त्यानंतर नव्या केशवाहिन्या आणि तंतू यांची लालसर, दाणेदार ऊती पोकळी भरत वर येते, आणि शेवटी कडेची त्वचा त्या ऊतीवरून सरकत येऊन तोंड मिटवते. मधुमेह्याच्या तळपायावरील व्रण, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावरील शय्याव्रण, शिरांच्या विकारामुळे घोट्याजवळ चिघळलेला व्रण किंवा शस्त्रक्रियेनंतर टाके उसवून उघडी पडलेली जखम यांच्या बाबतीत ही क्रिया बहुधा दाहाच्या टप्प्यावर अडकते. स्राव सतत पाझरत राहतो आणि त्या स्रावातील प्रथिने कुरतडणारी विकरे नवी ऊती तयार होते न होते तोच तिला विरघळवून टाकतात. जंतू स्वतःभोवती चिकट पापुद्रा विणून औषधांपासून सुरक्षित होतात, तर सुजेमुळे केशवाहिन्या दाबल्या जाऊन प्राणवायूचा पुरवठा आधी असतो त्याहूनही कमी होतो.

अशा जखमांसाठी गेल्या तीन दशकांत जगभर रूढ झालेला उपाय म्हणजे ऋण दाब उपचार. महाराष्ट्रातील शस्त्रक्रिया विभागांत तो ‘व्हॅक’ किंवा ‘व्हॅक ड्रेसिंग’ या नावाने ओळखला जातो आणि डॉक्टरांपासून वॉर्डातील परिचारिकांपर्यंत सारे तोच शब्द वापरतात. या पद्धतीविषयी एकीकडे अवास्तव आशा आणि दुसरीकडे सरसकट अविश्वास अशा दोन्ही भूमिका आढळतात. प्रत्यक्षात ही पद्धत जखमेच्या तळाची मशागत करणारी आहे. ती कोठे उपयोगी पडेल हे यंत्रावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ती जखम मुळात का रेंगाळली यावर अवलंबून असते, हे उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतल्यावर स्पष्ट होते.

पद्धतीची रचना साधी आहे. स्वच्छ केलेल्या जखमेच्या पोकळीत तिच्या आकाराचा, परस्परांशी जोडलेल्या छिद्रांचा फोम बसवतात. त्यावर पारदर्शक, चिकट पापुद्रा आजूबाजूच्या निरोगी त्वचेपर्यंत असा लावतात की हवा आत शिरू नये. त्या पापुद्र्याला छोटे भोक पाडून नळी जोडली जाते आणि नळीचे दुसरे टोक स्राव साठवणाऱ्या डब्यातून पंपाकडे जाते. पंप सुरू होताच फोम आक्रसतो, पापुद्रा त्याला घट्ट बिलगतो आणि जखमेतील स्राव छिद्रांतून नळीत ओढला जातो. येथे ‘ऋण’ याचा अर्थ वातावरणापेक्षा कमी एवढाच आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो आणि उपचारात तो साधारण १२५ मिलिमीटरने कमी केला जातो, म्हणजे पापुद्र्याखाली सुमारे ६३५ मिलिमीटर दाब उरतो. काळ्या पॉलियुरेथेन फोमची छिद्रे ४०० ते ६०० मायक्रॉनची असतात, तर नाजूक ऊतींवर त्याहून घट्ट विणीचा पांढरा फोम वापरतात. संसर्ग नसलेल्या जखमेत ड्रेसिंग ४८ ते ७२ तासांनी बदलले जाते.

ही कल्पना एका व्यक्तीला एका दिवशी सुचलेली नाही. शस्त्रक्रियेनंतर साचणारे रक्त व लस बाहेर काढण्यासाठी बंद शोषण-नळी वापरण्याची पद्धत १९५० च्या दशकात रूढ झाली होती. १९८० च्या दशकात सोव्हिएत रशियातील शल्यचिकित्सकांनी पू झालेल्या जखमांवर निर्वात उपचाराचे प्रयोग प्रसिद्ध केले, पण ते रशियन भाषेत असल्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकविश्वाला बराच काळ अपरिचित राहिले. १९८९ मध्ये अमेरिकेत मार्क चॅरिकर, कॅथरीन जेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओली गॉझ, नळी आणि चिकट पापुद्रा यांच्या साहाय्याने पोटाच्या अशा जखमांवर उपचार केले, ज्यांत आतड्याला भोक पडून त्यातील द्रव जखमेतून बाहेर येत होता. जर्मनीत विम फ्लाइशमन यांनी १९९३ मध्ये हाड बाहेर आलेल्या अस्थिभंगाच्या १५ रुग्णांवर फोम आणि शोषण यांचा एकत्रित वापर केल्याचे नोंदवले. या सर्व प्रयत्नांना प्रायोगिक पाया आणि बाजारात आणण्याजोगे यंत्र मिळाले ते अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वेक फॉरेस्ट विद्यापीठात. मायकेल मॉरिक्वास आणि लुई अर्जेंटा यांनी १९९७ मध्ये डुकरांवरील प्रयोग आणि ३०० जखमांवरील अनुभव एकाच वेळी प्रसिद्ध केले, आणि त्याआधीच, १९९५ मध्ये, या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेली होती. यंत्र आधी बाजारात आले आणि मोठ्या तुलनात्मक चाचण्या मागाहून झाल्या, हा क्रम पुढील सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

डुकरांवरील प्रयोगांत १२५ मिलिमीटर ऋण दाबाला जखमेलगतचा रक्तप्रवाह चौपट झाल्याचे लेसरच्या साहाय्याने मोजले गेले, मात्र दाब ४०० मिलिमीटर आणि त्यापुढे नेल्यावर तोच प्रवाह खुंटला. सतत शोषण ठेवले असता दाणेदार ऊतीची वाढ नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा सुमारे ६३ टक्क्यांनी, तर पाच मिनिटे शोषण आणि दोन मिनिटे विश्रांती या लयीत सुमारे १०३ टक्क्यांनी अधिक आढळली. १२५ हा आकडा तेव्हापासून जणू प्रमाण ठरला. पण माणसाच्या प्रत्येक जखमेसाठी तोच सर्वोत्तम आहे असे त्या प्रयोगांनी सिद्ध केले नव्हते, आणि खंडित शोषण माणसाला वेदनादायक ठरत असल्याने व्यवहारात आजही बहुतांशी सतत शोषणच वापरले जाते.

रक्तप्रवाह वाढतो हे स्पष्टीकरण अनेक वर्षे निर्विवाद मानले गेले, परंतु पुढील संशोधनाने ते अपुरे ठरवले. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की जखमेच्या अगदी कडेला रक्तप्रवाह उलट घटतो आणि काही सेंटिमीटर दूर गेल्यावर तो वाढलेला आढळतो. केपटाऊन विद्यापीठातील निकोलस काइरिनोस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याहून मूलभूत मुद्दा मांडला. आक्रसणारा फोम खालच्या ऊतीवर दाबला जात असल्यामुळे ऊतीच्या आतला दाब कमी होण्याऐवजी वाढतो, आणि तो वाढल्याने केशवाहिन्यांतील प्रवाह मंदावतो, असे त्यांच्या मोजमापात दिसले. पंप जितका जोरात ओढेल तितकी ऊती आतून अधिक दाबली जाते, असा हा विरोधाभास आहे. निरोगी रक्तपुरवठा असलेल्या पायात याने फारसे बिघडत नाही, कारण दाबामुळे सूज उतरून एकंदर लाभच होतो. मात्र धमन्या आधीच चोंदलेल्या पायावर, अथवा पट्टीसारखा गोलाकार गुंडाळलेल्या फोमखाली, हीच क्रिया ऊतीच्या मृत्यूला कारण होऊ शकते. पुस्तकांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘रक्तप्रवाह वाढतो’ हे एकच वाक्य आजही ज्या सहजतेने छापले जाते, ती सहजता रुग्णाच्या दृष्टीने घातक आहे.

अधिक भक्कम वाटते ते यांत्रिक स्पष्टीकरण. शोषणामुळे जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढल्या जाऊन पोकळी लहान होते, हा स्थूल परिणाम झाला. सूक्ष्म पातळीवर फोमच्या प्रत्येक छिद्रात ऊतीचा लहानसा उंचवटा ओढला जातो आणि तेथील पेशी ताणल्या जातात. बॉस्टनमधील डेनिस ऑर्गिल यांच्या गटाने २००४ मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या आधारे हा ताण बहुतांश ठिकाणी ५ ते २० टक्के असल्याचे दाखवले, आणि प्रयोगशाळेत एवढ्याच ताणाखाली पेशींचे विभाजन वेगाने होते हे आधीच ठाऊक होते. याच्या जोडीला साचलेल्या स्रावाबरोबर घातक विकरे निघून जाणे, सूज उतरणे, जखम ओलसर आणि उबदार राहणे हे लाभ आहेतच. जंतू कमी होतात या दाव्याचा पाया मात्र डळमळीत आहे. मॉरिक्वास यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांत ते चार-पाच दिवसांत घटले होते, पण नेदरलँड्समधील २००४ च्या मानवी अभ्यासात एकूण जंतुसंख्येत फरक आढळला नाही. तेथे काही जातींचे जंतू घटले आणि पू निर्माण करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू उलट वाढला. संसर्ग झालेल्या जखमेवर केवळ पंप लावून तो संसर्ग आटोक्यात येईल, ही अपेक्षा म्हणूनच निराधार ठरते.

परिणामकारकतेच्या पुराव्यात सर्वाधिक अभ्यास मधुमेही पायाचा झाला आहे आणि मतभेदही तेथेच सर्वांत तीव्र आहेत. डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि लॅरी लॅव्हरी यांनी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पायाचा काही भाग शस्त्रक्रियेने काढावा लागलेले १६२ मधुमेही रुग्ण होते. १६ आठवड्यांत ऋण दाब गटातील ५६ टक्के, तर नेहमीच्या ओलसर ड्रेसिंगच्या गटातील ३९ टक्के जखमा भरल्या. पीटर ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ३४२ रुग्णांत हेच प्रमाण अनुक्रमे ४३ आणि २९ टक्के असल्याचे नोंदवले, आणि पुढे अवयव कापावा लागण्याचे प्रमाणही सुमारे १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलेले दिसले. हे आकडे दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पण दोन्ही चाचण्यांना यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते, आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही दिसत होते. शिवाय शस्त्रक्रियेने जखम बंद करण्याचा निर्णयही डॉक्टरांच्याच हाती असल्यामुळे नकळत पक्षपात होण्यास वाव राहिला होता.

जर्मनीने या प्रश्नाचा पाठपुरावा ज्या चिकाटीने केला, ती अनुकरणीय आहे. तेथील आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे परीक्षण करणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिल्यानंतर मोठी चाचणी हाती घेण्यात आली. ३६८ रुग्णांच्या या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांत ऋण दाब गटातील १४.६ टक्के आणि नेहमीच्या उपचार गटातील १२.१ टक्के जखमा बंद झाल्या, म्हणजे संख्याशास्त्रीयदृष्ट्या फरक नव्हता. या चाचणीतही त्रुटी होत्या, कारण नोंदी अपुऱ्या होत्या आणि अनेक ठिकाणी उपचार ठरलेल्या नियमांप्रमाणे झाले नव्हते. तरीही दोन्ही गटांतील जखमा भरण्याचे प्रमाण इतके कमी असावे, ही बाब कोणत्याही ड्रेसिंगपेक्षा मधुमेही पायाच्या एकंदर काळजीबद्दल अधिक सांगून जाते.

या परस्परविरोधी निष्कर्षांचा मेळ बऱ्याच अंशी जखमेच्या प्रकारात सापडतो. आर्मस्ट्राँग यांच्या रुग्णांच्या जखमा शस्त्रक्रियेने नुकत्याच स्वच्छ झालेल्या होत्या. मृत ऊती काढून टाकलेली होती, पोकळी खोल होती आणि पायाला पुरेसा रक्तपुरवठा असल्याची खात्री आधीच केलेली होती. अशी पोकळी भरून आणणे हेच या यंत्राचे काम आहे. तळपायावर महिनोन्महिने असलेला उथळ व्रण याहून वेगळा असतो. तेथे भरून आणण्याजोगी पोकळी नसते आणि व्रणाचे कारण पावलागणिक पुन्हा घडत असते. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच भेद अधोरेखित केला असून शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेसाठी ऋण दाबाचा विचार करावा, पण शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या व्रणासाठी तो वापरू नये, असे म्हटले आहे. शय्याव्रण आणि शिरांच्या विकाराचे व्रण यांबाबत तर खात्रीचे विधान करता येईल इतका चांगला पुरावा अद्याप जमलेलाच नाही.

अपघातातील जखमांच्या बाबतीत उत्साहाला अधिक स्पष्ट लगाम बसला. पायाच्या गंभीर उघड्या अस्थिभंगाच्या ४६० रुग्णांवर ब्रिटनमध्ये मॅथ्यू कोस्टा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेरच्या अपंगत्वात फरक आढळला नाही, आणि खोल संसर्गाचे प्रमाणही ७.१ व ८.१ टक्के असे जवळपास सारखे राहिले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उसवलेल्या जखमांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, ऋण दाबाने ठरलेल्या मुदतीत अधिक जखमा बंद झाल्या, पण उपचाराशी संबंधित तक्रारीही अधिक नोंदल्या गेल्या. टाके घातलेल्या बंद जखमेवर संसर्ग टाळण्यासाठी केला जाणारा वापर हा स्वतंत्र विषय असून रेंगाळणाऱ्या जखमांशी त्याचा थेट संबंध नाही.

धोक्यांचा विचार केल्याशिवाय कोणत्याही उपचाराचा आढावा पुरा होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये या यंत्रांशी निगडित ६ मृत्यू आणि ७७ इजांची नोंद जाहीर केली, आणि २०११ पर्यंत हे आकडे १२ मृत्यू आणि १७४ इजा असे वाढले. सर्वांत गंभीर कारण रक्तस्राव हे होते. बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर, म्हणजे घरी किंवा शुश्रूषागृहात झाले होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे, कारण तेथे डब्यात भराभर साचणारे लाल रक्त वेळीच ओळखणारे प्रशिक्षित माणूस जवळ नसते. जखमेत मागे राहिलेल्या फोमच्या तुकड्यांमुळे झालेले संसर्गही नोंदवले गेले. म्हणूनच प्रत्येक वेळी किती तुकडे बसवले ते ड्रेसिंगवर लिहून ठेवण्याची पद्धत आहे, आणि वरवर क्षुल्लक वाटणारी ही शिस्त कधीही टाळता कामा नये. उघडी रक्तवाहिनी अथवा उघडा अवयव, जखमेतील कर्करोग, न काढलेली मृत ऊती, उपचार न झालेला हाडातील जंतुसंसर्ग आणि मार्ग न तपासलेले भगंदर या स्थितींत हा उपचार करू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर विशेष दक्षता घ्यावी लागते. यंत्र दोन तासांहून अधिक काळ बंद राहिले, तर ड्रेसिंग तसेच ठेवणे धोक्याचे असते, कारण हवाबंद पापुद्र्याखाली साचलेला स्राव जंतूंना पोषक ठरतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात घरी हा उपचार सुरू करण्यापूर्वी या एका अटीचा विचार झालाच पाहिजे.

भारतात प्रश्न आणखी एका अंगाने बिकट होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांच्यातील पायांच्या जखमांचा मोठा भार सरकारी व धर्मादाय रुग्णालयांवर पडतो. आयात यंत्र, त्याचा डबा आणि दर दोन-तीन दिवसांनी लागणारा नवा फोम यांचा खर्च तेथील रुग्णाला झेपणारा नसतो. त्यामुळे अनेक भारतीय शल्यचिकित्सकांनी बाजारातील साधा फोम निर्जंतुक करून, नाकातून जठरात घालायची रायल्स ट्यूब आणि चिकट पारदर्शक पापुद्रा वापरून, भिंतीवरील शोषण-यंत्रणेला जोडलेले ड्रेसिंग रूढ केले आहे. या प्रयत्नांमागची कळकळ आणि कल्पकता खरी आहे, आणि काळजीपूर्वक केल्यास त्यांचा उपयोगही होतो. परंतु भिंतीवरील शोषणाचा दाब कमीजास्त होत राहतो आणि गळती अथवा रक्तस्राव झाल्यास इशारा देणारी घंटा नसते, म्हणून नजर ठेवणाऱ्या परिचारिकेचे मनुष्यबळ हाच अशा व्यवस्थेचा खरा खर्च असतो. विजेविना चालणाऱ्या साधनांचाही शोध चालू आहे. २०१० च्या हैती भूकंपानंतर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या डॅनिएल झुरोव्हचिक यांनी हाताने दाबायचा भात्यासारखा स्वस्त पंप तेथील जखमींसाठी वापरून पाहिला होता.

व्रणचिकित्सेत टप्प्यांचे भान राखण्याचा आग्रह भारतीय परंपरेला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून त्यांत शोधन, म्हणजे जखम स्वच्छ करणे, आणि रोपण, म्हणजे ती भरून आणणे, हे वेगवेगळे मानले आहेत. तुंबीने किंवा शिंगाने रक्त ओढण्याची त्या ग्रंथातील क्रिया मात्र रक्तमोक्षणासाठी होती. तिच्यात ऋण दाब उपचाराचे मूळ शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. शोधनाआधी रोपण नाही, हा क्रम आजही तितकाच लागू आहे. मृत ऊती काढल्याशिवाय, धमन्यांतील अडथळा तपासून शक्य तेथे दूर केल्याशिवाय, साखर आणि संसर्ग आटोक्यात आणल्याशिवाय लावलेला पंप फक्त स्राव गोळा करतो.

तळपायाच्या व्रणासाठी याहून मोठा धडा भारतातच शिकला गेला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये दाखल होऊन पुढे कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बधिर पायावरील व्रणाचे मुख्य कारण म्हणजे वेदना जाणवत नसल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणारा शरीराचा भार. पायाला सर्वत्र टेकणाऱ्या प्लास्टरच्या साच्याने तो भार विभागला की वर्षानुवर्षे न भरलेले व्रण भरून येत, आणि ही पद्धत ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत नेली. मधुमेही व्रणांवरील २००१ च्या एका तुलनेत, जी ऋण दाबाचे पुरस्कर्ते आर्मस्ट्राँग यांनीच केली होती, अशा प्लास्टरने १२ आठवड्यांत सुमारे ९० टक्के व्रण भरले, तर रुग्णाला काढता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. ही तुलना आणि ऋण दाबाच्या चाचण्या यांतील रुग्ण आणि जखमा भिन्न असल्याने त्यांची आकड्यांत तुलना करता येणार नाही. तरीही प्लास्टरचा साचा स्वस्त, विजेविना चालणारा आणि तालुक्याच्या रुग्णालयातही शिकवता येण्याजोगा असताना तो मागे पडावा आणि महाग पंपाची चर्चा पुढे यावी, ही भारतासारख्या देशाला न परवडणारी गोष्ट आहे.

खोल, स्वच्छ केलेली, पुरेसा रक्तपुरवठा असलेली, त्वचारोपणाची अथवा टाक्यांची वाट पाहणारी जखम असेल, तर ऋण दाब उपचार वापरावा आणि दाणेदार ऊतीने तळ भरला की थांबवावा. आठवडा-दोन आठवड्यांत जखमेच्या मापात फरक पडला नाही, तर यंत्र पुढे चालू न ठेवता निदान नव्याने तपासावे. रुग्णाच्या नातेवाइकांनीही ‘व्हॅक’च्या खर्चाला संमती देण्यापूर्वी पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का, हाडात संसर्ग नाही ना, पायावरचा भार कसा कमी करणार आणि जखमेचे माप कोण व किती दिवसांनी घेणार, हे प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावेत.